घराण्याचा शोध घ्यायचाय, पण भावकीला वाटतं मी वाटा मागायला आलेय

पत्राचा सारांश : मी साठी ओलांडलेली, बँकेतून निवृत्त झालेली, डोंबिवलीत राहते. माहेर राजापूर तालुक्यातलं. गेल्या वर्षी वडील गेले. त्यांच्या ट्रंकेत मोडीतले सात-आठ कागद, आजोबांची एक वही आणि काही फोटो मिळाले. घराण्याचा इतिहास लिहावा असं तेव्हापासून मनात आहे. थोरले काका सांगायचे की आमच्या पणजोबांचे आजोबा बाटवाबाटवीच्या वेळी गोव्याहून देव घेऊन आले. गणपतीला गावी गेले तेव्हा चुलतभावाकडे जुने कागद पाहायला मागितले, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, वाटा हवाय तर सरळ सांग ना." मन फार दुखावलं. मुलगा म्हणतो डीएनए चाचणी करून टाक. आधी मोडी शिकू का? मूळ पुरुषापासून सुरुवात करायची तर तो शोधायचा कसा? आणि माहेरचा इतिहास सासरी गेलेल्या मुलीने लिहिणं लोकांना विचित्र वाटतं, ते बरोबर आहे का?

उत्तर :

भावाच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण तो गुंता तसाच ठेवून पुढे जाता येणार नाही.

कोकणात 'जुने कागद दाखव' याचा अर्थ वर्षानुवर्षं एकच होत आला आहे. जमीन सामाईक, एका सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं, निम्मी माणसं मुंबईला, आंब्याच्या दोन कलमांवरून तीन पिढ्या अबोला. अशा गावात कागद मागणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिलं जाणारच. त्यातून वडील नुकतेच गेले आहेत आणि कायद्याने तुम्ही त्यांच्या वारस आहात, वारस नोंदीत तुमचं नाव यायलाच हवं. म्हणजे भावाची शंका उगाच आलेली नाही, तिची वेळ तेवढी चुकली.

म्हणून त्याला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगा. वारस नोंद रीतसर व्हायची तशी होईल, आणि घराण्याचा इतिहास हे वेगळं काम आहे. त्याचा विश्वास बसावा म्हणून 'मला काही नको' असं लिहून देऊ नका. सहकार्याच्या मोबदल्यात हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी कमी नाहीत, आणि त्या सहीनंतरही कागद मिळतातच असं नाही. त्यापेक्षा जमिनीशी संबंध नसलेल्या वस्तू आधी मागा : लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, भिंतीवरच्या फोटोंच्या मागची अक्षरं, पोथीच्या पहिल्या पानावरची नोंद. कागद घराबाहेर नेऊ नका. त्याच्याच ओटीवर, त्याच्यासमोर फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी त्याला पाठवा. तुमच्या ट्रंकेतल्या कागदांचे फोटोही पाठवा. देवाणघेवाण तुमच्याकडून सुरू झाली की पुढचं सोपं होतं.

आता मूळ पुरुषाबद्दल. बहुतेक हौशी वंशावळी तिथेच फसतात. वरून खाली लिहायला घेतलं की पहिली चार नावं ऐकीव, मधली तीन अंदाजाने जोडलेली, आणि खरी माहिती शेवटच्या दोन पिढ्यांची. उलट जा. स्वतःपासून आई-वडील, मग आजी-आजोबा, एका वेळी एकच पायरी. प्रत्येक पायरीला 'हा याचाच मुलगा हे मला कशावरून कळलं' याचं उत्तर लिहिलेलं असलं पाहिजे. प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान ठेवा : पूर्ण नाव, घरातलं हाक मारायचं नाव, बाईचं माहेरचं नाव-आडनाव-गाव, जन्म-मृत्यू, कुठे राहिली, काय काम केलं. समासात स्रोत लिहा : कोणी सांगितलं आणि कधी, किंवा कोणता कागद. हा समास नसेल तर दोन वर्षांनी तुमचं तुम्हालाच ओळखता येणार नाही की 'विठू' हे काकांनी सांगितलं होतं की फेरफारात, म्हणजे जमिनीचा मालक बदलल्याच्या सरकारी नोंदीत, वाचलं होतं.

नावांची पुनरावृत्ती हा आपल्याकडचा मोठा सापळा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे महादेव विष्णू, विष्णू महादेव, पुन्हा महादेव विष्णू अशी साखळी चालते. दोन महादेव एक समजले की दोन पिढ्या गळतात. ताळा करायला साधं गणित पुरतं, एका पिढीला पंचवीस ते तीस वर्षं. बाप आणि मुलगा यांच्यात तुमच्या नोंदीप्रमाणे ऐंशी वर्षांचं अंतर पडत असेल, तर मध्ये कोणीतरी हरवलं आहे.

कागदांच्या मागे लागण्याआधी माणसांकडे जा, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. गावात आणि मुंबईत मिळून ऐंशीच्या पुढच्या कोण-कोण उरल्या आहेत याची यादी आजच करा. 'उरल्या' मुद्दाम म्हटलं. आत्या, काकू, मावशी यांना कोणाची सोयरीक कुठे झाली हे जितकं पाठ असतं तितकं पुरुषांना क्वचितच असतं. त्यांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. रामदास बोट बुडाली (१७ जुलै १९४७) तेव्हा तुझं लग्न झालं होतं का? गोदीत स्फोट झाला (१४ एप्रिल १९४४) तेव्हा आजोबा मुंबईत होते की गावी? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा कोण पाळण्यात होतं? एवढ्यावर बहुतेक जन्म-मृत्यू चार-पाच वर्षांच्या आत बसवता येतात. परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा, एका बैठकीला पाऊण तास पुरे. जुने फोटो सोबत न्या. बोलणं सुरू करायला प्रश्नावलीपेक्षा फोटो बरा.

दोन स्रोत घरातच असतात आणि कोणी पाहत नाही. एक म्हणजे सुतक. गावातल्या कोणाकोणाचं सुतक तुम्हाला येतं, आणि दहा दिवसांचं की तीन दिवसांचं, हे विचारा. सात पिढ्यांच्या आतल्या भाऊबंदांचं दहा दिवस आणि त्यापलीकडच्यांचं तीन, असा सर्वसाधारण रिवाज. म्हणजे नातं कुठे जुळतं हे कोणाला सांगता येत नसलं, तरी ते किती लांबचं आहे हे सुतक सांगतं. दुसरा म्हणजे महालयाची यादी. पितृपंधरवड्यात श्राद्ध करणाऱ्या घरात ज्यांची नावं घ्यायची त्यांची यादी बहुधा वहीत असते. तीत वडील-आजोबा-पणजोबा असतात, त्यांच्या बायका असतात, आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्या असतात, शिवाय काका, आत्या, मावश्या. आजोबांच्या त्या वहीची पानं आधी नीट उलटा. मृत्यूची तिथीही अशाच यादीत मिळते. साल नसतं, पण प्रसंगांवरून साल ठरलं की जुन्या पंचांगातून तारीख निघते.

सरकारी कागदांकडे वळताना एक भ्रम दूर करते. परदेशातल्या लोकांचं वाचून अनेकांना वाटतं की जनगणनेच्या जुन्या याद्या मिळतील. आपल्याकडे तो रस्ता नाही. जनगणना कायदा, १९४८ प्रमाणे घरोघरच्या नोंदी कोणाला पाहायला मिळत नाहीत. आपल्याला शाळा, ग्रामपंचायत आणि महसूल खात्याचं दफ्तर यांवर भागवायचं आहे.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख असते. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नका. शाळा जूनमध्ये भरायची आणि तारीख माहीत नसलेल्या मुलाला गुरुजी १ जूनच लावायचे. साल साधारण बरोबर, तेही एखाद्या वर्षाने मागेपुढे.

जुन्या जन्म-मृत्यूंसाठी गाव नमुना नंबर १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मागावं लागतं. ते गावाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे लावलेलं असतं, म्हणून 'आमच्या आजोबांचा जन्म शोधून द्या' असा अर्ज फुकट जातो. 'मौजे अमुक, सन १९०५ ते १९१०' असं लिहा. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण नोंद बारशाआधी व्हायची. बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. आडनावही नसेल. म्हणून बाप, वाडी, जात आणि भावंडांमधलं अंतर जुळवून ठरवावं लागतं. नोंद सापडली नाही तर प्रमाणित नकलेच्या अर्जावर तसा शेरा लेखी मागा. माहिती अधिकारातही मागता येतं, अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये.

सर्वांत भरघोस साठा जमिनीच्या कागदांत आहे. तुमच्या भावाला त्याचीच भीती वाटते हे खरं, पण ही सार्वजनिक कागदपत्रं आहेत, त्यांच्यासाठी त्याच्या ट्रंकेची गरज नाही. आजचा सातबारा घ्या. नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो तो फेरफाराचा. त्या फेरफाराची, म्हणजे गाव नमुना ६ मधल्या नोंदीची नक्कल मागा. वारसाचा फेरफार असेल तर कोण मयत, कोणत्या तारखेला, मागे कोण आणि बहुधा त्यांची वयं लिहिलेली असतात. त्यात आधीच्या मालकाचं नाव मिळतं, मग त्याचा फेरफार. असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाता येतं, कारण मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालचा. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले जुने कागद टाकलेले आहेत. तुमच्या गावाचं त्यात काय आहे ते आधी घरबसल्या बघा, मगच राजापूरची फेरी.

हे वाचताना काय चुकतं तेही ऐका. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. चाकरमानी मुंबईला, जमिनीतून उत्पन्न नाही, मग वारस नोंद वीस-तीस वर्षं रखडते आणि कधीकधी एकाच फेरफारात दोन पिढ्यांचे मृत्यू उरकले जातात. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे एकाच भावाचं नाव असतं, म्हणून बाकीचे भाऊ नव्हते असं समजू नका. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे बाप लवकर गेला आणि मुलं लहान होती. पालनकर्ती बहुधा आई, आणि तिचं नाव मिळण्याची ही दुर्मीळ जागा. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. मुसलमान घराण्यात 'वलद'. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत मुली सहसा दिसत नाहीत, त्यानंतरही बऱ्याचदा मालकांच्या यादीऐवजी 'इतर हक्कात' ढकललेल्या दिसतात. फेरफारात मुलगी नाही म्हणून ती जन्मलीच नव्हती असं वंशावळीत लिहू नका.

तुमची माणसं जमिनीचे मालक नसून कुळं असतील तर निराश होऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती, म्हणजे गावचा सारा खोत वसूल करायचा. १८८० च्या खोती कायद्याप्रमाणे झालेल्या पाहणीत बोटखत नावाचं पत्रक तयार झालं, त्यात खोताखालच्या कुळांचे हक्क नोंदले आहेत. ते भूमी अभिलेख किंवा तहसीलच्या दफ्तरात विचारायचं. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर, म्हणजे कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली त्या दिवसानंतर, जमिनीची किंमत ठरवायला कुळकायद्याच्या कलम ३२ग ची चौकशी झाली. तिच्या फायलीत 'ही जमीन आम्ही आजापासून कसतो' असे कुळांचे जबाब असतात. आजोबांचा स्वतःचा जबाब, खाली अंगठा किंवा सही! घराण्याच्या इतिहासाला याहून चांगलं पान मिळणार नाही.

श्रम वाचवणारी एक युक्ती आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. भावकीत कोणाच्या मुलाने जात वैधता प्रमाणपत्र काढलं आहे का ते विचारा. त्यासाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि जुने पुरावे लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे. म्हणजे कोणीतरी पुतण्याने आधीच तहसीलचे खेटे घालून प्रमाणित नकला काढलेल्या असतात आणि ती फाईल कपाटात पडून असते. तिच्यातली वंशावळ मात्र एकाच शाखेची आणि कामापुरती असते. बाकीच्या फांद्या तुम्ही भरायच्या.

मोडी आधी शिकायची गरज नाही. हौस असेल तर जरूर शिका, पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. पण वर्गात अक्षरं येतात, जुनं हस्ताक्षर वाचायला येत नाही. मोडीत आधी पानभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. सात-आठ कागदांसाठी जाणकार लिप्यंतरकाराला पैसे देणं शहाणपणाचं. एक कागद आधी देऊन पाहा, लिप्यंतर ओळीला ओळ मागा, सारांश नको. न लागलेला शब्द त्याने रिकामा सोडावा, अंदाजाने भरू नये, हे आधी बोलून घ्या.

तोवर कागद जपा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, घडी जोराने उलगडू नका. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वरून सरळ फोटो घ्या, मागच्या कोऱ्या बाजूचाही, कारण शेरे तिकडेच असतात. कोकणच्या पावसात ट्रंक म्हणजे वाळवीला आमंत्रण. सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. कागद काय असतील? बहुतेक गहाणखत, कर्जरोखा, पावती किंवा वाटणीपत्र. सनद, म्हणजे इनाम-वतनाचं राजपत्र, निघेल अशी आशा ठेवून बसू नका. पण कर्जरोख्यात साक्षीदार असतात आणि साक्षीला बहुधा भाऊबंदच उभे राहतात, तेव्हा ती नावंही उतरवून घ्या.

तारीख शकात असेल तर ७८ मिळवा : शके १७९७ म्हणजे १८७५. पौषापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर बहुधा पुढचं साल. फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, असेल तर ५९० मिळवा. पेशवाईतला कागद असेल तर सुहूर सन अरबी शब्दांत येतो : 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५, आणि हे वर्ष उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतं.

आता गोव्याची गोष्ट. काकांनी सांगितलेली पिढी मोजून पाहू. तुम्ही साठीच्या, त्या हिशेबाने पणजोबांचे आजोबा साधारण १८२० ते १८३० च्या आसपास जन्मले असतील. गोव्यात देवळं पाडली गेली ती सोळाव्या शतकात, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला सुरू होऊन १८१२ ला संपलं. म्हणजे काळ जुळत नाही. याचे दोन अर्थ निघतात. एक, मधल्या अनेक पिढ्या विसरल्या गेल्या आणि स्थलांतराची आठवण जवळच्या पूर्वजाच्या नावावर चिकटली. दुसरा, पूर्वज आले ते दुसऱ्याच कारणाने, नोकरी, व्यापार किंवा शेतीसाठी, आणि ओळखीची गोष्ट मागाहून जोडली गेली. तपासायचं तर कुलदैवत कुठलं ते बघा. ते गोव्यात असेल तर गोव्याशी नातं पक्कं, पण येण्याचं साल त्यातून कळत नाही. तिथल्या देवळांना महाजनांच्या, म्हणजे देवळाचे परंपरागत हक्कदार असलेल्या घराण्यांच्या, नोंदी असतात, त्यांत तुमचं आडनाव आणि गोत्र आहे का ते विचारा. आडनाव 'कर' लागलेलं असेल तर ते गाव कुठे आहे ते शोधा. असं आडनाव बहुधा सोडलेल्या गावाचं असतं, आणि म्हणूनच एका आडनावाचे सगळे एका रक्ताचे नसतात, तसे दोन आडनावांचे सख्खे भाऊबंदही निघतात. काहीच सापडलं नाही तर गोष्ट गाळू नका. 'थोरले काका असं सांगत' म्हणून वेगळ्या चौकटीत लिहा, वंशावळीच्या रेषेत ओढू नका.

तीर्थक्षेत्रांच्या वह्याही बघण्यासारख्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नोंदी गाव-आडनावाप्रमाणे असतात. जाताना मूळ गाव, तालुका, आडनाव, आजोबा-पणजोबांची नावं लिहून न्या. आजचा पत्ता सांगून उपयोग नाही. वही उघडली की सोबत आलेल्यांची नावंही वाचा, त्यांत बायका भेटतात. दक्षिणा आणि फोटो काढण्याची परवानगी आधीच बोलून घ्या. पूर्वजांपैकी कोणी पहिल्या महायुद्धात बोटीवर किंवा पलटणीत असताना मरण पावला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची मृतांची यादी फुकट शोधता येते. तीत पुष्कळ नावांपुढे बापाचं नाव आणि गाव दिलेलं आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी तिथे भेटतात.

डीएनए चाचणीचा नाद सध्या सोडा. ती नावं सांगत नाही. आपल्या भावकीतल्या कोणी चाचणी केलेली नसेल तर जुळवायला समोर कोणी नाही, आणि 'अमुक टक्के दक्षिण आशियाई' हे तुम्हाला पैसे न देताही माहीत आहे.

उरला प्रश्न माहेरचा. मुलीने लिहू नये असं म्हणणाऱ्यांना विचारा, वंशावळीत मुलगी 'कु. अमुक' म्हणून एका शब्दात का संपते? तुम्ही लिहाल त्यात तरी ती तशी संपू देऊ नका. प्रत्येक लेकीच्या पुढे तिचं सासर, गाव आणि मुलं लिहा, प्रत्येक सुनेच्या मागे तिचे आईवडील. आईच्या माहेरची वही वेगळी सुरू करा, आजच, कारण तिकडची म्हातारी माणसंही जायला लागली असतील. आलेख हाताने काढलात तरी चालेल. संगणकावर करायचं तर ग्रॅम्प्स हा फुकटचा प्रोग्राम पुरतो, त्यात स्रोताची जागा वेगळी असते.

शोधता शोधता दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून गेलेली विधवा असं काही ना काही निघेल. ते तुमच्या नोंदवहीत खरं लिहा. भावकीत वाटायच्या प्रतीत मात्र ज्यांची मुलं हयात आहेत त्यांना विचारल्याशिवाय काही घालू नका, आणि हयात माणसांच्या जन्मतारखा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. पहिली प्रत काढाल ती चुलतभावाच्या शाखेची काढा, चुका सुधारायला पेन्सिल सोबत देऊन त्याच्याकडे पाठवा. त्याच्या आजीचं माहेर तुम्हाला बहुधा त्यालाच विचारावं लागणार आहे.